अँबिग्युअस, व्हेग की इक्विव्होकल? शब्द निवडायच्या आधी काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने

ऐरोलीला एका ऑफिसात मी लोकांचे इंग्लिश ड्राफ्ट तपासते आणि शनिवारी नौपाड्यात घरीच चार-पाच जणांची बॅच घेते. दोन्हीकडे एक वाक्य ठरलेलं असतं, "आय ॲम अँबिग्युअस अबाउट धिस ऑफर". लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की ऑफर घेऊ की नको कळत नाहीये, आणि वाक्य सांगतं की ऑफरच्या बाबतीत माझेच दोन अर्थ निघतात. दुसरं ठरलेलं म्हणजे क्लायंटला पाठवलेलं "युवर मेल इज इक्विव्होकल". बिचाऱ्याला फक्त "नीट कळलं नाही" म्हणायचं होतं, आणि क्लायंटने वाचलं की तुम्ही मुद्दाम गोलमाल बोलताय.

चूक शब्दसंग्रहाची नसते, क्रमाची असते. लोक डोक्यात "संदिग्ध" धरतात, फोनवर त्याचं इंग्लिश शोधतात, समोर पाच-सहा शब्द येतात आणि त्यातला सगळ्यात भारी दिसणारा उचलतात. शब्द शेवटी निवडायचा, आधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघायचं. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा, मधला गाळू नका, निदान पहिले पंधरा दिवस तरी.

तयारी

एक कागद घ्या आणि ज्या वाक्यावर तुम्ही अडलात ते वाक्य जसंच्या तसं उतरवा. "तो मेल", "ती नोटीस" असं नाही, नेमकं वाक्य. निम्मे लोक इथेच लक्षात आणतात की अख्खा मेल गोंधळाचा नव्हता, एकच ओळ होती.

मग "संदिग्ध" हा शब्द बाजूला ठेवा, कारण तो सगळ्यांना पुरतो आणि म्हणूनच कशाला उपयोगी पडत नाही. मराठीत आपल्याकडे वेगवेगळे शब्द आधीपासून आहेत, बोलताना आपण ते बरोबर वापरतो आणि इंग्लिशकडे जाताना विसरतो. कागदाच्या कडेला लिहून ठेवा:

- दुहेरी अर्थाचं: अँबिग्युअस
- मोघम: व्हेग
- गुळमुळीत: इक्विव्होकल
- मनात द्विधा, तळ्यात-मळ्यात: अँबिव्हॅलंट
- दुर्बोध: ऑब्स्क्युअर
- गूढ: क्रिप्टिक किंवा एनिग्मॅटिक, ते सहाव्या टप्प्यात

या जोड्या शंभर टक्के चपखल नाहीत, पण सुरुवातीला नव्वद वेळा बरोबर जागी नेऊन सोडतात. थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, मात्र आत्ता बंद. तो शब्द शेजारी शेजारी मांडतो, फरक सांगत नाही. डिक्शनरी वापरायचीच तर उदाहरणाची वाक्यं देणारी वापरा.

टप्पा १: माणूस अडलाय की मजकूर?

हा प्रश्न पहिला, कारण याने एक शब्द लगेच वेगळा पडतो. गोंधळ एखाद्याच्या मनात असेल, म्हणजे त्याला एकाच गोष्टीबद्दल दोन उलट गोष्टी वाटत असतील, तर अँबिव्हॅलंट. गोंधळ लिहिलेल्या-बोललेल्या शब्दांत असेल तर पुढच्या टप्प्याला जा.

समजा खारघरला मोठा फ्लॅट मिळतोय, हवा चांगली, किंमत जमतेय, पण आई ठाण्यात एकटी आणि तुमचं सगळं गणगोत जांभळी नाक्याच्या आसपास. दोन्ही ओढी खऱ्या आहेत. तेव्हा "आय ॲम अँबिव्हॅलंट अबाउट मूव्हिंग टू खारघर". शाळेतली संयुजा आठवते का, केमिस्ट्रीतली? इंग्लिशमध्ये तिला व्हॅलन्सी म्हणतात. त्यातला "व्हॅलन" तोच, जोर किंवा ताकद या अर्थाचा, आणि "अँबि" म्हणजे दोन्हीकडे. दोन्हीकडे जोर लागलाय म्हणून माणूस मध्ये लटकलाय. अँबिग्युअसमध्येही तोच "अँबि" आहे, घोळ तिथूनच होतो.

सावध: अँबिव्हॅलंट म्हणजे "मला काही फरक पडत नाही" असं नाही. फरक पडत नसेल तर इनडिफरंट. माहिती कमी आहे म्हणून ठरलं नसेल तर साधं अनडिसायडेड. एचआरच्या फॉर्मवर एकाने नाइट शिफ्टबद्दल अँबिव्हॅलंट लिहिलं होतं, त्याला म्हणायचं होतं की कुठलीही शिफ्ट द्या, चालेल. वाचणाऱ्याला वाटलं याला नाइट नकोशी आहे, आणि दिली नाही.

तपासणी: वाक्यात कर्ता माणूस आहे का (किंवा त्याची भावना, भूमिका, ॲटिट्यूड)? असेल तर अँबिव्हॅलंट बसू शकतो. कर्ता क्लॉज (करारातलं कलम), नोटीस, मेल, सूचना असेल तर तो शब्द खोडा. क्लॉजला मन नसतं.

टप्पा २: अर्थ मोजा. खरंच, बोटावर

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण अँबिग्युअस आणि व्हेग यांच्यातला फरक इथेच कळतो आणि लोक सगळ्यात जास्त इथेच घसरतात.

वाक्याखाली "अर्थ १", "अर्थ २" असं लिहून प्रत्येक अर्थ मराठीत पूर्ण वाक्यात लिहा. दोन किंवा तीन वेगवेगळे अर्थ सुटे सुटे लिहिता आले आणि त्यातला कुठला ते कळत नसेल, तर अँबिग्युअस. अर्थ एकच आहे पण तो कुठे सुरू होतो नि कुठे संपतो ते सांगता येत नसेल, तर व्हेग. एकही अर्थ लिहिता आला नाही तर थेट सहाव्या टप्प्यावर जा.

नवी मुंबईत राहणाऱ्यांना हे समजवायला मला फार कष्ट पडत नाहीत. "सेक्टर १० ला ये." कुठल्या? वाशीला सेक्टर १० आहे, नेरुळला आहे, कोपरखैरण्याला आहे, खारघरलाही आहे, कारण प्रत्येक नोडचे, म्हणजे उपनगराचे, आकडे परत एकपासून सुरू होतात. जागा मोजता येतात, प्रत्येक नकाशावर पक्की आहे, फक्त कुठली ते कळत नाही. हे अँबिग्युअस. आता "मी घोडबंदर रोडला राहतो" घ्या. रोड एकच आहे, पण माजिवडा की कासारवडवली की थेट गायमुख, काही पत्ता नाही. हे व्हेग. पहिल्यात माणूस चुकीच्या जागी अगदी अचूक पोचतो (माझं पार्सल असंच एकदा कोपरखैरण्याच्या सेक्टर १० ला जाऊन बसलं होतं आणि डिलिव्हरीवाला फोनवर शपथेवर सांगत होता की मी गेटवरच उभा आहे), दुसऱ्यात तो निघतच नाही, फोन करून विचारतो.

भाषेतली जोडी हवी असेल तर "परवा" आणि "थोड्या वेळात". "परवा भेटू" मधला परवा पुढचा असतो आणि "परवा भेटलो" मधला मागचा, क्रियापद असेल तर काही अडत नाही, पण कोणी नुसतं "मीटिंग परवा" लिहिलं तर दोन अर्थ, मोजून दोन. "थोड्या वेळात" चे अर्थ मोजायला जा, पाच मिनिटं, पंधरा, एक तास, कुठे रेघ मारणार?

तपासणी, काळ्या बॅगेची: शब्द अँबिग्युअस आहे का बघायचं असेल तर एकाच वस्तूबद्दल एकाच वेळी तो खराही आणि खोटाही ठरतो का बघा. रिकामी काळी बॅग "लाइट" आहे, वजनाला, आणि "लाइट" नाहीये, रंगाला. वाक्य विचित्र वाटतं पण दोन्ही खरं आहे, म्हणजे "लाइट" ला दोन अर्थ आहेत. आता "ही बिल्डिंग उंच आहे आणि उंच नाहीये" म्हणून बघा. एकाच तुलनेत हे दोन्ही खरं होत नाही, फक्त कितीला उंच म्हणायचं यावर भांडण होतं. म्हणजे "उंच" व्हेग.

सावध: शब्दाला डिक्शनरीत दहा अर्थ आहेत म्हणून वाक्य अँबिग्युअस होत नाही. "पान" बघा, झाडाचं, वहीचं, विड्याचं, जेवायला मांडलेलं, पण "पानं वाढली, चला बसा" म्हटल्यावर कोणी वही उघडत नाही. असे एकाच मुळातून फुटलेले जवळचे अर्थ असणं म्हणजे पॉलिसेमी. गळ्यातला "हार" आणि सामन्यातली "हार" यांचा एकमेकांशी संबंध नाही, ते होमोनिम, आणि तिथे तर मराठीत लिंगच वेगळं असल्यामुळे "घातला" की "पत्करली" यावरून लगेच सुटतं. शब्दाला अनेक अर्थ असणं ही एक गोष्ट आणि या वाक्यात ते न सुटणं ही दुसरी. रिपोर्टमध्ये अँबिग्युअस लिहायचं ते दुसऱ्यासाठी.

टप्पा ३: अँबिग्युअस ठरलं, मग शब्दामुळे की रचनेमुळे?

नुसतं "धिस इज अँबिग्युअस" लिहून पाठवलं की समोरचा विचारतो, कुठे? म्हणून हे आधीच शोधा.

शब्दामुळे असेल तर लेक्सिकल अँबिग्युइटी. ऑफिसातले नेहमीचे आरोपी: "बायवीकली", आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, दोन्ही अर्थ डिक्शनरीत आहेत त्यामुळे भांडून उपयोग नाही. "सँक्शन", मंजुरी पण आणि निर्बंध पण. "ओव्हरसाइट", देखरेख पण आणि नजरचूक पण, म्हणजे "ड्यू टू मॅनेजर्स ओव्हरसाइट" लिहिलंत तर मॅनेजरचं कौतुक झालं की तक्रार, देव जाणे. आणि "टु टेबल", ब्रिटिश वापरात मुद्दा चर्चेला घेणं, अमेरिकन वापरात चर्चा पुढे ढकलणं. आपल्याकडे एकाच कॉलवर लंडनवाले आणि न्यू जर्सीवाले दोघं असतात, तिथे हा शब्द वापरूच नका.

रचनेमुळे असेल तर स्ट्रक्चरल किंवा सिंटॅक्टिक अँबिग्युइटी. इथे सगळे शब्द साधे असतात, कोण कोणाला चिकटलाय ते कळत नाही. "पोलिसाने काठी घेऊन पळणाऱ्या माणसाला पकडलं." काठी कोणाकडे होती? इंग्लिशमधलं "आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप" अगदी तसंच, दुर्बिणीतून बघितला की दुर्बीणवाला बघितला. "ओल्ड मेन अँड विमेन" मध्ये बायकाही म्हाताऱ्या आहेत का, हा तिसरा नेहमीचा नमुना.

हे वेगळं का करायचं, तर दुरुस्ती वेगळी असते. लेक्सिकल असेल तर शब्द बदला, "बायवीकली" काढून "एव्हरी टू वीक्स" लिहा. स्ट्रक्चरल असेल तर कितीही सोपे शब्द घाला, सुटत नाही, वाक्य फोडावं लागतं किंवा जागा बदलावी लागते. लोक दुसऱ्या आजाराला पहिलं औषध देत बसतात.

टप्पा ४: व्हेग ठरलं, मग किती आणि कुठे?

हा टप्पा छोटा. व्हेग म्हणजे वाईट असं धरू नका. "रीझनेबल टाइम" मुद्दाम मोघम ठेवतात, कारण आधी आकडा टाकणं धोक्याचं असतं. मोघमपणा अडचणीचा तेव्हाच जेव्हा त्यावर कोणाला काम करायचंय. म्हणून नुसतं "व्हेग" लिहू नका, काय कमी आहे ते जोडा: "व्हेग अबाउट द डेडलाइन", "व्हेग ऑन पेमेंट टर्म्स".

करारवाल्यांसाठी एक चांगली जोडी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २९ मध्ये आहे. अर्थ निश्चित नसलेले आणि निश्चित करताही न येणारे करार रद्दबातल, असं ते कलम सांगतं. त्याच्या उदाहरणांत एक माणूस "शंभर टन तेल" विकायचं ठरवतो, कुठलं तेल ते कुठेच नाही. दुसरा आपला पांढरा घोडा "५०० किंवा १,००० रुपयांना" विकतो, यातली कुठली किंमत ते कुठेच नाही. पहिलं मोघम, दुसऱ्यात दोन पक्के पर्याय, आणि कायद्याचा शब्द दोघांना एकच, अनसर्टन्टी. म्हणून लीगलच्या मेलमध्ये कुठला शब्द टाकावा कळत नसेल तर अनसर्टन चालतो, तो दोन्हीवर छत्री धरतो. पण एकदा तरी टप्पा दोन करून मगच.

टप्पा ५: मुद्दाम केलंय का?

आता इक्विव्होकल. आणि इथे हात जपून.

अँबिग्युअस चुकूनही होतं, बहुतेक वेळा चुकूनच होतं. पण माणसाच्या उत्तराला इक्विव्होकल म्हटलं की त्यात वास येतो, की याला हो पण म्हणायचं नाहीये आणि नाही पण. क्रियापद "इक्विव्होकेट" तर सरळ आरोपच आहे. आपल्याकडे याला तयार वाक्प्रचार आहे, नरो वा कुंजरो वा. अश्वत्थामा गेला, माणूस की हत्ती कोण जाणे. नाव दोघांचं एकच, म्हणजे शब्द अँबिग्युअस, आणि तो दुहेरीपणा जाणूनबुजून वापरला, म्हणजे बोलणं इक्विव्होकल. दोन्ही शब्द एकाच प्रसंगात आपापल्या जागी बसतात, म्हणून बॅचला मी नेहमी हेच सांगते.

यातून पुढची गाठ सुटते, अनअँबिग्युअस आणि अनइक्विव्होकल यांची. "बघू, जमलं तर येईन" या वाक्याचा अर्थ एकच आहे, कोणालाही कळतो, म्हणजे ते अनअँबिग्युअस आहे. पण उत्तर म्हणून गुळमुळीतच, म्हणजे इक्विव्होकल. अर्थ एकच निघतो हे सांगायला अनअँबिग्युअस, आणि आडपडदा न ठेवता ठामपणे बोललं हे सांगायला अनइक्विव्होकल. "अनइक्विव्होकल सपोर्ट" असतो, "अनअँबिग्युअस इन्स्ट्रक्शन्स" असतात. उलट करून बघा, कानाला खटकतं.

सावध, रिपोर्टवाल्यांसाठी: काही ब्लड टेस्टच्या रिपोर्टवर "इक्विव्होकल" छापलेलं असतं. तिथे कोणी काही लपवत नाहीये. आकडा पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हच्या मधल्या पट्ट्यात पडला, एवढाच अर्थ. पुढे काय करायचं ते डॉक्टरांना विचारा, डिक्शनरीला नाही.

दुसरं सावध: बॉसला किंवा क्लायंटला इक्विव्होकल लिहू नका, खरं असलं तरी. "धिस लाइन कुड बी रेड इन टू वेज" लिहा आणि खाली दोन्ही अर्थ द्या. काम तेच होतं, नोकरी टिकते. "प्रिव्हॅरिकेट" त्याहून कडक आहे, खरं सांगायचं टाळणं, तो तर भांडायचं ठरलं असेल तरच.

टप्पा ६: एकही अर्थ सापडत नाही

मोजायला बसलात आणि शून्य आलं, तर:

मजकूर अवघड किंवा अंधुक आहे, अर्थ असेल पण दिसत नाही: ऑब्स्क्युअर. विषयच खोल आहे म्हणून कळत नाही: ॲबस्ट्रूस. बोलणाऱ्याने थोडक्यात आणि झाकून ठेवलंय: क्रिप्टिक, जसं रात्री साडेअकराला ग्रुपवर नुसतं "उद्या बघाच" टाकून ऑफलाइन जाणारे. कोड्यासारखं आहे, ओढ लावतं, बहुतेक वेळा माणसाबद्दल किंवा हसण्याबद्दल: एनिग्मॅटिक. सरकारी फॉर्मला एनिग्मॅटिक म्हणू नका, तो इतका मोहक नसतो.

ॲबस्ट्रूसच्या जागी "ऑबट्यूस" लिहिणारे दर महिन्याला एक तरी भेटतात. ऑबट्यूस म्हणजे मंदबुद्धी. "युवर एक्स्प्लनेशन वॉज ऑबट्यूस" लिहून पाठवलंत तर पुढचं मी काही बघितलं नाही.

आणि मुद्दाम केलेल्या गमतीच्या दुहेरी अर्थाला पन, म्हणजे श्लेष. पण दुसरा अर्थ चावट असेल तरच "डबल ऑन्तांद्र". दादा कोंडकेंच्या संवादांना तो शब्द बसतो, वर्तमानपत्रातल्या सभ्य कोटीला नाही. प्रेझेंटेशनमध्ये "आवर टॅगलाइन हॅज अ डबल ऑन्तांद्र" असं अभिमानाने वाचलं गेलंय, मी समोर बसले होते.

टप्पा ७: वाक्यात बसवणं

शब्द बरोबर निवडून इथे वाया जातो. अँबिव्हॅलंटला "अबाउट" किंवा "टुवर्ड्स" लागतं. व्हेगला "अबाउट" किंवा "ऑन". अँबिग्युअसला बहुतेक काही लागत नाही, लागलंच तर "ॲज टु". नामं: अँबिग्युइटी, व्हेगनेस, अँबिव्हॅलन्स. "अँबिग्युअसनेस" डिक्शनरीत सापडेल, पण कोणी वापरत नाही. "इक्विव्होकेशन" हे टाळाटाळीचं नाम, आणि वादात एकच शब्द मध्येच अर्थ बदलून वापरला तर त्या चुकीलाही हेच नाव. "ठामपणे" साठी "अनइक्विव्होकली", त्यात "बली" घुसवू नका, "अनइक्विव्होकेबली" हा लोकांनी बनवलेला शब्द आहे. दुहेरी अर्थ सोडवणं म्हणजे "डिसअँबिग्युएट", बोलताना जीभ अडकते, लिहायला चालतो, नाहीतर "क्लॅरिफाय" आहेच.

एकदा सगळं मिळून

आमच्या सोसायटीत नोटीस लागली: "व्हिजिटर्स कार्स आर नॉट अलाउड ऑन सॅटर्डे अँड संडे आफ्टर ९ पीएम. रिपीटेड व्हायोलेशन विल बी डेल्ट विथ सुटेबली." कागद काढा.

माणूस की मजकूर? मजकूर. अर्थ मोजा. पहिल्या वाक्याचे दोन: एक, दोन्ही दिवशी रात्री नऊनंतर बंदी, दोन, शनिवारी दिवसभर बंदी आणि रविवारी नऊनंतर. सगळे शब्द साधे, घोळ "आफ्टर ९" कोणाला चिकटतं याचा, म्हणजे स्ट्रक्चरली अँबिग्युअस. दुसऱ्या वाक्यात "रिपीटेड" म्हणजे किती वेळा आणि "सुटेबली" म्हणजे काय, मोजता येत नाही, म्हणजे व्हेग. मी सेक्रेटरी काकांना विचारलं की शनिवारी दुपारी भाऊ आला तर चालेल का, ते म्हणाले, "तसं बघायला गेलं तर नियम नियम आहे, पण आपणही माणसंच आहोत." हे इक्विव्होकल. आणि मी स्वतः या नियमाबद्दल अँबिव्हॅलंट, कारण पाहुण्यांच्या गाड्यांमुळे माझीच गाडी अडकते आणि पाहुण्यांत निम्मे माझेच असतात.

दुरुस्तीसाठी शब्द बदलायची गरजच नव्हती, जागा बदलायची होती: "आफ्टर ९ पीएम ऑन बोथ सॅटर्डे अँड संडे, व्हिजिटर्स कार्स आर नॉट अलाउड." ते लिहून मी काकांना दिलं, त्यांनी खिशात ठेवलं. नोटीस अजून तीच आहे, वॉचमनने मात्र स्वतःच्या मनाने दोन्ही दिवशी नऊला साखळी लावायला सुरुवात केलीये.